हैबतरावांचं अपुरं शब्दकोडं

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्यानं आमच्या गावाला, रिह्याला यावं, माझ्या जावयाचा उजवा हात बघावा आणि मग तोंड उघडावं.

मागच्या मार्गशीर्षातला शनिवार होता. आणि अमावस्येची रात्र-बित्र काही नाही...

भर दुपार होती. अंगणात भात वाळत घातलेलं आणि ऊन लखलखीत.

जावई पियूष, अकोल्याकडचा. हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करतो, आमच्या दिशाला घेऊन सूसला सोसायटीत राहतो. पोरगा गरीब, आवाज चढवून बोलणार नाही. व्यसन एकच, पेपरातल्या शब्दकोड्याचं. तेही साधं नव्हे, गूढ शब्दकोडं. त्यात सरळ विचारत नाहीत. म्हणे, ‘दीन उलटला की वाहू लागते.’ उत्तर काय, तर नदी. दीन उलटा वाचायचा. मी दिशाला म्हटलं, नदीला नदी म्हणायला यांची जीभ झडते काय.

रविवारी लोकांचे जावई मटणाच्या रांगेत उभे असतात, आमचा पेपर मांडीवर घेऊन बसलेला. बरं, सोडवून गप्प बसेल तर तेही नाही. इंटरनेटवर त्याचं पान आहे. या आठवड्याचं कोडं कसं होतं, कुठला प्रश्न झकास, कुठं रचणाऱ्यानं लबाडी केली, सगळं तिथं लिहितो. लोक आपली सोडवलेली कोडी त्याला पाठवतात. हा लाल पेनानं फुल्या मारतो, मार्क देतो. घरात उंदराला भिणारा माणूस, पण लाल पेन हातात आला की मारकुटा मास्तर.

त्या शनिवारी दोघं स्कूटरवर नवीन तांदूळ न्यायला आले होते. मी त्याला गोठ्याच्या माळ्यावरून ताडपत्री काढायला सांगितली.

ताडपत्रीखाली पत्र्याची ट्रंक होती.

कुलूप गंजून लोंबत होतं. आत खाकी स्वेटर, चष्म्याची डबी आणि तळाशी घडी घातलेला जुना पेपर. पियूषनं घडी उलगडली आणि हरखलाच. ज्या रचणाऱ्याची जुनी कोडी तो कधीपासून शोधत होता, त्याचंच कोडं. कुणीतरी बारीक निळ्या अक्षरात सोडवलेलं. सगळी घरं भरलेली...

फक्त शेवटची ओळ रिकामी.

पानावर तपकिरी डाग पसरला होता. त्याला वाटलं, चहा सांडला असेल.

ताडपत्री राहिली बाजूला, ट्रंक खाली उतरली. गडी गोठ्यातल्या बाजेवर बसला आणि खिशातला लाल पेन काढला. पहिलंच उत्तर चुकलेलं. त्यानं फुली मारली.

करंगळीला काहीतरी ओलं लागलं...

बघतो तर रक्त. ब्लेडनं ओढल्यासारखी बारीक चीर. दुखत काहीच नव्हतं. कागदानं कापलं असेल म्हणून त्यानं बोट चोखलं आणि पुढचं चुकलेलं उत्तर शोधून दुसरी फुली मारली.

शेजारच्या बोटाला चीर पडली. ही खोल होती.

आता त्याच्या लक्षात आलं, की गाय रवंथ करायची थांबली आहे. अंगणात भातावर चिमण्यांचा कलकलाट चालला होता, तोही नाही. शेजाऱ्याच्या पिठाच्या गिरणीची घरघरसुद्धा नाही. लाईट गेली असेल, असं त्यानं मनाला सांगितलं.

दुसरा कुणी असता तर पेपर टाकून पळाला असता. पण हा कोडी सोडवणारा. ह्याला खात्री करून घ्यायची होती. बरोबर उत्तरावर त्यानं बरोबरची खूण केली. काही झालं नाही. चुकलेल्यावर फुली मारली...

मधलं बोट फाटलं.

आणखी एक फुली. अंगठ्याशेजारच्या बोटाचं हाड दिसायला लागलं. तेव्हा कुठं त्यानं दिशाला हाक मारली.

दिशा हळद घेऊन धावली, तिच्यामागं मी. मी आधी हात बघितला. मग मांडीवरचा पेपर बघितला...

ते बारीक निळं अक्षर मी ओळखलं.

“जावईबापू, त्यो पेपर खाली ठिवा,” मी म्हटलं. “हात ऱ्हावा आसं वाटत आसंल तर त्यावर पुन्हा पेन लावू नगा.”

घरातली घाण जावयाला कोण दाखवतं? पण त्या दिवशी सांगावी लागली.

तो पेपर माझ्या थोरल्या दिरांचा. हैबतराव त्यांचं नाव. मिलिटरीतून परत आले ते दोन गोष्टी घेऊन, तापट डोकं आणि शब्दकोड्याचा नाद. रोज खळ्यावर बसून कोडं सोडवायचे. कुणी उत्तर सुचवलं तर ऐकून घ्यायचे. पण शेवटची ओळ मोकळी ठेवायचे. उठून विहिरीवर जायचे, हातपाय धुवायचे आणि मग येऊन ती भरायचे. देवाला नैवेद्य दाखवावा तसं. त्या ओळीला घरातलं कुणी डोळासुद्धा लावत नव्हतं.

एकदा भावजी विहिरीवर गेले असताना त्यांच्या चुलतभावानं, कुशाबानं, गंमत म्हणून पेन उचलला. मी तिथंच सुपात तांदूळ पाखडत होते. भावजी ओल्या पायांनी मागून आले. हातात लाकडं फोडायचा कोयता.

कुशाबाची दोन बोटं माझ्या सुपात उडाली.

पण कुशाबाही आमच्याच रक्ताचा. त्यानं डाव्या हातानं कोयता हिसकावला आणि भावजींच्या मानेवर घातला. एकदा घातला, पुन्हा घातला, ते खाली पडल्यावरही घालत राहिला. मान कातड्यावर लोंबकळत होती. पायानं खळ्यातली माती उकरत होते, तेही थांबलं. गावाला वाटतं, बांधावरून खून झाला. बांध कसला? ह्या कोड्यावरून झाला. कुशाबा पुढं जेलातच मेला.

पियूष पांढराफटक पडून ऐकत होता. मग त्यानं काय विचारावं?

“म्हणजे कुशाबांनी शेवटचा शब्द लिहिलाच नाही?”

“पेन टेकायच्या आदीच बोटं गेली त्याची. तुमी इच्यारताय काय मला?”

मी पेपर हिसकून ट्रंकेत टाकला, झाकण दाबलं. रक्त थांबत नव्हतं आणि अशा हातानं स्कूटर कोण चालवणार? मी वरच्या आळीतल्या कोंडाजीची जीप बघायला निघाले. दिशाला म्हटलं, फडकं आण आणि नवऱ्याजवळून हलू नको.

ती फडकं आणायला घरात गेली. तेवढाच वेळ तो एकटा होता.

पुढचं त्यानंच मला नंतर सांगितलं. शेवटच्या ओळीचा प्रश्न त्यानं आधीच वाचला होता. मी भावजींचं सांगत असतानाच त्याला उत्तर सापडलं होतं. उत्तर माहीत असून घर रिकामं ठेवायचं म्हणजे घशाला कोरड पडते, म्हणतो. आणि शिकलेल्या डोक्यात एक विचार आला. म्हाताऱ्याला राग फुल्यांचा आलाय. आपण ओळ पुरी करून द्यावी, चांगले मार्क द्यावेत, म्हणजे तो शांत होईल आणि आपला हात सुटेल.

मेलेल्या माणसाला हा मार्क देऊन गप्प करणार होता.

त्यानं ट्रंक उघडली. रक्तानं निसटणारा लाल पेन मुठीत धरला आणि शेवटचा शब्द लिहिला. खाली लिहिलं, दहापैकी दहा.

थप...

मागं कुणीतरी ओलं पाऊल टाकलं.

थप... थप...

गायीनं दावं तुटेस्तोवर ओढ घेतली. तंबाखूचा वास आला, अगदी कानाजवळ. पियूष मागं वळला...

तिथून पुढचं त्याला काही आठवत नाही.

मी कोंडाजीच्या अंगणात होते. दिशाची किंकाळी तिथवर आली.

गोठ्यात पोचले तर पियूष गुडघ्यावर बसलेला. पंजा समोर धरलेला आणि त्याला अंगठा तेवढा शिल्लक. रक्ताची चिळकांडी गायीच्या कपाळावर, भिंतीवर, दिशाच्या तोंडावर. चारही बोटं पेंढ्यात पडलेली. एक अजून वळवळत होतं. कोंडाजी माझ्यामागून आत आला आणि दारातच ओकला.

गावानं लगेच ठरवलं, कडबाकुट्टीत हात गेला. चारा कापायचं ते यंत्र त्याच कोपऱ्यात आहे, खरं. पण लाईट नव्हती. पात्यावर रक्ताचा थेंब नव्हता. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, यंत्र बोटं चावून काढतं. हा एकच घाव आहे, जड हत्याराचा. आमचा कोयता म्हणाल तर तो पोलिसांनी भावजींच्या वेळीच नेला, तो परत आला नाही. बोटं बर्फात घालून नेली होती. एकही बसलं नाही.

संध्याकाळी मी गोठा धुवायला घेतला तेव्हा पेपर बाजेवर पडला होता. लाल फुल्या होत्या. दहापैकी दहा होतं. शेवटची ओळ...

कोरी होती. खोडल्याची खूणसुद्धा नाही.

तो पेपर मी जाळला नाही. माझी जीभ कुणाला भीत नाही, पण हात भितो. ट्रंकेला नवं कुलूप आहे.

पियूष आता डाव्या हातानं जेवतो. पेपर बंद केलाय. दिशा मात्र त्या दिवसापासून मुकी झाली होती. जखम भरली, टाके निघाले, तरी त्या दुपारबद्दल चकार शब्द काढेना. फडकं घेऊन ती गोठ्याच्या दारात पोचली होती, एवढंच मला माहीत.

परवा आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. मान खाली घालूनच ती म्हणाली,

“आई, पियूषला कुणी धरलं न्हवतं. त्यानं हात आपणहून पुढं केला.”

मी खडा टिपला.

“आन् हसत व्हता.”

हात कुणापुढं केला, ते मी विचारलं नाही. तिनंही ताटातून नजर वर काढली नाही.