डावा डोळा

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एमआरआयची खोली होती आणि तिथलं यंत्र चालवणाऱ्या बाईंना सगळे ताईच म्हणत. घाबरलेल्या माणसाशी इकडचं तिकडचं बोलत त्याला त्या बोगद्यात कधी सरकवायच्या, त्याचं त्यालाही कळत नसे.

एका दुपारी घड्याळजी आले. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला, वाळक्या अंगाचा म्हातारा. सोबत लेक होती. त्यांच्या डाव्या डोळ्यात गाठ होती. ती आतच आहे की डोळ्याची भिंत फोडून मागे गेली आहे, एवढं बघायचं होतं. मागे गेली असली तर डोळा काढण्यावाचून इलाज नव्हता.

"काका, डोळ्यात कधी लोखंडाचा कणबिण गेला होता का? आमचं यंत्र म्हणजे भलंमोठं चुंबक. कण असेल तर ओढून घेईल."

"एक्सरे झालाय की. एकही स्क्रू सापडला नाही," घड्याळजी म्हणाले. "हरवलेले सगळे तिथेच असतील असं वाटलं होतं मला."

ताई हसल्या. लेक हसली नाही.

"बाबा हल्ली झोपत नाहीत हो," ती हळूच म्हणाली. "बसतात एका कोपऱ्याकडे बघत."

"बघावं लागतं, पोरी," म्हातारा म्हणाला.

ताईंनी त्यांना आडवं केलं, डाव्या डोळ्यावर चित्रं टिपणारी छोटी कडी बसवली, डोकं उशांमध्ये घट्ट धरलं. "वरच्या आरशात हिरवा ठिपका दिसेल. त्याच्यावरून नजर काढायची नाही. आवाज चालू असेतो पापणीसुद्धा हलवायची नाही. घाबरलात तर हा फुगा दाबा, मी येतेच."

दार लावून त्या काचेपलीकडे आपल्या खुर्चीत बसल्या. यंत्र ठकठकायला लागलं.

पहिली चित्रं आली. पडद्यावर दोन पांढरेशुभ्र गोळे आणि डाव्याच्या तळाशी अळंबीसारखी उगवलेली काळी गाठ. उजवा डोळा अगदी सरळ होता. डावा मात्र बाजूला वळला होता, दाराकडे.

ताईंनी माईक उघडला. "काका, ठिपक्याकडे बघा हं."

"तिकडेच बघतोय."

दुसऱ्या खेपेला डावा डोळा दाराच्या जरा अलीकडे वळला होता, भिंतीशी. तिसऱ्या खेपेला आणखी अलीकडे. उजवा जागचा हललेला नव्हता. डोळे जोडीने वळतात. एक ठिपक्यावर खिळलेला असताना दुसरा असा फिरताना ताईंनी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी काचेतून आत पाहिलं. दिवे लख्ख होते. खोलीत बोगद्यातून बाहेर आलेल्या म्हाताऱ्याच्या पायांखेरीज काही नव्हतं.

"काका... डावा डोळा फिरतोय तुमचा."

"तो माझं ऐकत नाही, ताई." माईकमधून आवाज दबका आला. "तो त्याच्याकडे बघतो."

"कुणाकडे?"



"गाठीमुळे एक काळा डाग दिसतो ना, त्यात उभा असतो. नजर धरून ठेवली की जागचा हलत नाही. एरवी येतो पुढे. आज तुम्ही ठिपक्याकडे बघायला सांगितलंत... डावा एकटाच पडला. एकट्याला झेपत नाही त्याला..."

"कुठे आहे आता?"

"पायाशी."

ताईंनी तपासणी तिथेच थांबवली. एरवी त्या असं कधी करत नसत. लगबगीने आत जाऊन त्यांनी टेबल बाहेर ओढलं. म्हातारा घामाने निथळत होता. त्याने त्यांचं मनगट पकडलं.

"डोळा काढू नका म्हणावं. एवढाच एक आहे राखणीला."

पण जेवढी चित्रं आली होती तेवढी पुरेशी होती. गाठ भिंतीबाहेर पडलेली स्पष्ट दिसत होती. ताईंनी डॉक्टरांना डोळ्याचं वळणं दाखवलं. त्यांनी ते नीट पाहिलं. "गाठीने स्नायू ओढला असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "राहिला तर जीव घेईल हा डोळा." ते खरंच होतं. लेकीने रडत रडत सही केली.  

डोळा काढल्यावर काही महिन्यांनी पुन्हा तपासणीला घड्याळजी आले ते निम्मे होऊन. डाव्या खोबणीत बसवलेला नकली डोळा कुठेच बघत नव्हता. बाहेर बसले तेही पाठ भिंतीला टेकवून.

"आता बरं आहे ना, काका? दिसत नाही ना काही?"

"नाही दिसत." त्यांनी उजवा डोळा ताईंवर रोखला. "तेच तर. आधी कुठे आहे ते तरी कळायचं."

या खेपेला यंत्र सुरळीत चाललं. म्हातारा हलला नाही, बोलला नाही, त्याने फुगाही दाबला नाही. चित्रं स्वच्छ आली. गाठीचा मागमूस नव्हता. डॉक्टरांनी निरोप धाडला तेव्हा लेकीने ताईंना मिठीच मारली. वडिलांचा हात धरून ती बाहेर पडली. जाताना म्हाताऱ्याची चाल एकदम हलकी झाली होती, खांद्यावरचं ओझं कुणाच्या तरी हवाली केल्यासारखी. वळणावर त्याने मागे वळून ताईंकडे पाहिलं आणि हात जोडले. आभार मानतोय की माफी मागतोय, ते ताईंना कळलं नाही.

त्या टेबल आवरायला आत गेल्या. जड दार मागे आपसूक लागलं. टेबलावरची जाड फोमची गादी म्हाताऱ्याच्या अंगाखाली दबून पुन्हा सपाट झाली होती. फक्त पायाकडच्या टोकाला एक खळगा राहिला होता, माणूस बसतो तेवढा. ताई चादर हातात घेऊन उभ्या राहिल्या.

खळगा हळूहळू भरून वर आला. कुणीतरी सावकाश उठावं, तसा.