वरचं पाणी, खालचे दात

प्रेम आकाशातून उतरतं, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे, आणि थोरामोठ्यांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. या गोष्टीतलं प्रेम मात्र चौथ्या मजल्यावरच्या एका कुंडीच्या बुडाच्या भोकातून उतरलं, बाल्कनीच्या कडेवरून ओघळलं आणि तिसऱ्या मजल्यावर उन्हात वाळत घातलेल्या एका जबड्यावर टपटप पडलं.

थोड्या वेळानं चौथ्या मजल्यावरची बेल वाजली.

धाकटी दचकली. ती बेल वाजली की दचकायची, फोन वाजला की दचकायची, आणि दोन्ही बराच वेळ वाजले नाहीत तर जास्तच दचकायची. काळजी करणं हा तिचा स्वभाव, आणि एका विमा कंपनीनं तिला त्याचीच नोकरी दिली होती. गोदामाला आग कशी लागेल, गाडी कशी घसरेल, जिना चढताना गिऱ्हाईक कुठल्या पायरीवर पडेल, हे आधीच डोळ्यांसमोर आणायचं आणि महिन्याकाठी त्याचा पगार घ्यायचा. घरी आल्यावर हेच काम ती फुकट करी.

दारात एक तरुण उभा होता. केसांत पांढरी धूळ, अंगाला लवंगेचा वास, आणि तळहातावर माणसाचा अख्खा खालचा जबडा.

"मी खाली राहतो," तो म्हणाला. "हा भिजला."

धाकटीनं दाराची कड घट्ट धरली. "को... कोणाचा आहे?"

"गाण्याच्या मास्तरांचा."

"ते... कसे आहेत?"

"मजेत आहेत. घरी पेटी वाजवत बसले असतील. अहो, प्लास्टरचा साचा आहे नुसता! दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, मी त्यावरून कवळ्या बनवतो. साचे बाल्कनीत वाळत ठेवतो, आणि वरून तुमचा पाऊस."

"मास्तरांची कवळी बिघडली तर?"

"तर 'सा' लावताना 'फा' ऐकू येईल," तो गंभीरपणे म्हणाला. "बाकी काही नाही."

धाकटीला हसू आलं, पण तिनं ते तसंच गिळलं. हसण्यात वेळ गेला आणि मधल्या काळात काही वाईट घडलं तर? तिनं माफी मागितली. मग काल सांडलेल्या पाण्याचीही मागितली. मग उद्या सांडलं तर, म्हणून त्याचीही आगाऊ मागून ठेवली.

"एवढं पाणी कोण पितं?" त्यानं तिच्या खांद्यावरून आत डोकावत विचारलं.

"कार्नेशन," ती म्हणाली. आणि मग, तिचं तिलाही कळलं नाही, तिनं सगळं सांगून टाकलं.

कार्नेशनची फुलझाडं आईची. रोपवाल्याकडून आणलेल्या एका फांदीपासून आईनं बाल्कनीभर कुंड्या केल्या होत्या. मग डोळ्यांतला मोतीबिंदू वाढला, आई शस्त्रक्रियेसाठी ताईच्या गावाला गेली आणि जाताना धाकटीला बजावून गेली, "पट्टी निघाली की मला दुसरं काही बघायचं नाही, आधी माझी फुलं बघायचीत. पाणी बेतानं घाल. जीव लाव, पण बुडवू नकोस." आईला हे सांगावं लागलं, कारण धाकटीच्या हातून पूर्वी एक निवडुंग गेला होता. वाळून नव्हे. बुडून.

"निवडुंग?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात आदर होता.

"मला वाटायचं, त्याला तहान लागली असेल आणि बोलता येत नसेल."

तो तिच्याकडे पाहत राहिला. जरा जास्तच वेळ. मग जबडा खिशात घालून म्हणाला, "बोलता न येणारे पुष्कळ असतात, वरच्या बाई," आणि जिना उतरून गेला.

ते वाक्य धाकटीनं रात्रभर तपासलं, विम्याचा दावा तपासतात तसं. त्यात तिला धोका दिसला. पण तो नेमका कुठं, ते सापडेना.

दुसऱ्या दिवसापासून तिनं पाणी बंदच केलं. माती भेगाळली, करडे-हिरवे देठ माना टाकू लागले. मग तिच्या काळजानं ठाव सोडला आणि तिनं एकदम बादली ओतली. खालून आवाज आला, "आलं, आलं! थांबा, छत्री धरतो!"

तिनं कठड्यावरून वाकून पाहिलं. तो खरंच एका ओळीत मांडलेल्या जबड्यांवर छत्री धरून उभा होता. स्वतः भिजत.

"अहो खालचे! तुम्ही आत व्हा ना!"

"मी वाळतो लवकर. या बाईंना चालणार नाही," त्यानं एका जबड्याकडे बोट केलं. "लग्न आहे यांच्या नातीचं."

त्या दिवशी तो चहाला वर आला. नंतर चहाशिवायही आला. कुंड्यांना काठीचा आधार द्यायला आला, काठी सरळ आहे का बघायला आला, आणि एकदा तर नुसताच आला आणि दोघांपैकी कोणालाच कारण सुचेना, तेव्हा त्यांनी बराच वेळ मातीकडे पाहिलं. कार्नेशनला लवंगेसारखा वास येतो हे आईनं सांगितलं होतं. त्यामुळं बाल्कनीत लवंग दरवळली की धाकटीची धांदल उडायची... फूल उमललं, की हा आला? दोन्ही वेळा छाती सारखीच धडधडायची. तिनं ती डॉक्टरांना दाखवायचंही ठरवलं होतं.

रोज संध्याकाळी आईचा फोन येई. आईची खालची कवळी सैल होती, त्यामुळं वाक्याच्या शेवटी 'खट्' असा आवाज होई. पूर्णविरामच तो.

"कळ्या धरल्या का गं? खट्."

"धरल्या. खालचे म्हणाले, टपोऱ्या आहेत."

"खालचे कोण? खट्."

"खाली राहतात ते. काठ्या त्यांनीच लावल्या. आणि ते म्हणाले की ऊन सकाळचं चांगलं. आणि ते म्हणाले—"

"अगं, फुलांचं सांग. खट्."

फुलांचं सांगण्यासारखं नव्हतं. एक कळी एका बाजूनं उसवली होती. हिरवी वाटी चिरून पाकळ्या त्या फटीतून बाहेर लोंबत होत्या, घाईत भरलेल्या पेटीतून साडीचा पदर लोंबतो तशा. शेजारच्या कळीच्या वाटीवरही बारीक चीर दिसत होती. धाकटीनं त्याबद्दल वाचून काढलं, तेव्हा कारण सापडलं. पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही, असं झालं की कळीची वाटी फाटते. म्हणजे हे तिनंच केलं होतं. एक दिवस पूर, एक दिवस दुष्काळ.

"आई रविवारी येतेय," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. निदान तेवढं तरी कुंडीत पडत नव्हतं. "इतकी वर्षं धुकं बघितलंय तिनं. आणि आता हे बघणार?"

त्यानं डोळ्याला भिंग लावून कळी तपासली. "आ करा" एवढंच म्हणायचा बाकी होता. मग तो खाली पळाला आणि एक पुडी घेऊन आला. दातांना तारा लावलेली मुलं अडकवतात ती रबरं. इवलीइवली, तुरीच्या डाळीएवढी. चिमट्यानं ताणून त्यानं एक रबर बारीक चीर पडलेल्या शेजारच्या कळीच्या कमरेला अलगद बसवलं. चीर मिटली.

"दात धरून ठेवतं, कळी का नाही धरणार?"

त्याचा हात धाकटीच्या हाताजवळ होता. तिनं तो... कळीला धक्का लागेल म्हणून तसाच राहू दिला.

"ज्या फाटायला लागल्यात त्यांनाच हं," तो जाताना म्हणाला.

पण पुडी तिच्याकडेच राहिली, आणि चूक तिथंच झाली. ज्या कळ्या फाटल्या नव्हत्या, त्या उद्या फाटल्या तर? तिनं सगळ्यांना रबर घातलं. मग एक तुटलं तर, म्हणून दुसरं घातलं. उसवलेल्या पहिल्या कळीवरचा तिचा विश्वासच उडाला होता, म्हणून तेवढी सुटली.

रविवारी सकाळी ती एक उमलली होती, बाकी सगळ्या कळ्या घट्ट मिटलेल्या होत्या. काहींचे शेंडे लालसर होऊन थांबले होते, ओठांवर आलेलं बोलणं अडावं तसे. हाकेसरशी तो चिमटा आणि बारीक कात्री घेऊन धावत आला.

"अहो, गुदमरल्यात या!" तो म्हणाला.

"मला भीती वाटली."

"कशाची?"

"फाटतील याची. आणि उमलतील याचीही." ती कुंडीकडे बघत म्हणाली. "उमलल्या की तुम्हाला वर यायचं काय कारण?"

त्याची कात्री थांबली. मग तो एकेक रबर कापत गेला. टिक... टिक... शेवटच्या कळीशी तो अडखळला.

"एवढं काढलं की संपलं माझं काम," तो हळूच म्हणाला. "मग मी जाऊ... ना?"

धाकटीला एका क्षणात सगळे धोके दिसले. तो हसेल. तो हसणार नाही. लग्न होईल, भांडणं होतील, कळ्या फाटतील, म्हातारपण येईल. नोकरीत एवढी यादी पाहिली असती तर तिनं विमाच नाकारला असता.

"ते एक रबर राहू द्या," ती म्हणाली. "ते उद्या काढू."

"आणि परवा?"

"परवा..." तिनं डोळे मिटून घेतले. "परवा मी मुद्दाम पाणी सांडेन."

"मग मी छत्री नाही धरणार," तो म्हणाला. "नुसता भिजेन."

"खट्," दारातून आवाज आला.

काळा चष्मा, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात घराची किल्ली. ताईनं आईला सकाळच्याच गाडीत बसवून दिलं होतं.

"आई... मी बिघडवलं गं. सगळ्या मिटलेल्या आहेत. उमलली ती एकच, आणि तीही फाटकी."

आई त्या उसवलेल्या फुलाशी गेली. चष्मा काढला. एका बाजूला सांडलेल्या पाकळ्या तिनं बोटांवर घेतल्या आणि उन्हात धरल्या. कितीतरी वेळ.

"लाल आहे," ती म्हणाली.

"हो. पण फाटलंय."

"अगं, लाल आहे हे! मला गेली दोन वर्षं तपकिरी दिसत होतं. रोपवाल्यानं फसवलं म्हणून त्याला मनात किती शिव्या घातल्या मी!" तिनं डोळे पुसले आणि मग नव्या डोळ्यांनी बाल्कनी न्याहाळली. काठ्या, कापलेली रबरं, केसांतली धूळ, धाकटीचे तापलेले कान. "म्हणजे हेच ते खालचे."

"हो," धाकटी म्हणाली. मग जे खरं होतं ते म्हणाली. "आई, मला हे आवडतात."

"मला ते फोनवरच कळलं होतं. त्याला डोळे कशाला लागतात?" आई खुर्चीत बसली आणि तिनं बराच वेळ त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. तो कात्री घेऊन उभा होता, निकाल ऐकायला उभं राहावं तसा.

"सगळं होईल नीट," आई शेवटी म्हणाली. मग तोंडावर हात धरून जरा पुढं झुकली. "फक्त त्याआधी... ही माझी खालची तेवढी घट्ट करून द्याल का? खट्."