एकोणीस प्रकरणांची सीडी

सीडी पहिल्यांदा अडकली ती त्र्याहत्तर टक्क्यांवर. लॅपटॉपने राइट एरर दाखवली आणि ट्रे आपणहून बाहेर आला.

टेलिफोन एक्स्चेंजच्या दुरुस्ती विभागात मी एकतीस वर्षं काढली आहेत. लाइनमध्ये दोष असतो म्हणजे असतो. सापडत नाही याचा अर्थ एवढाच, की आपण अजून तिथवर पोचलेलो नाही. त्यामुळे फारसं मनावर न घेता मी दुसरी कोरी सीडी घातली. ती अडकली, तीही त्र्याहत्तरवर.

सीडी होती अंधांच्या ग्रंथालयासाठी. आमची ही शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. कपड्यांच्या छोट्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या लावल्या होत्या, मध्ये टेबल आणि माईक. वाचन तिचं, चुका कापणं आणि सीडी तयार करणं माझ्याकडे. ग्रंथालयाच्या सभासदांकडची यंत्रं जुनी, सीडीशिवाय दुसरं काही घेत नाहीत.

या वेळी बावीस प्रकरणांची कादंबरी होती, एका दीपस्तंभाच्या रखवालदाराची. एकोणीस वाचून झाली आणि हिचा आवाज चिरकायला लागला. स्वरयंत्रावर गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोमवारी ऑपरेशन. तोवर एक शब्दही बोलायचा नाही."

"आवाज परत येईल ना?" मी विचारलं.

"येईल. कसा येईल, ते आत्ता सांगत नाही."

त्या दिवसापासून ही वहीत लिहून बोलायला लागली. पहिलं वाक्य लिहिलं ते असं : 'तीस वर्षं वर्गाला गप्प बसवलं, आता माझी पाळी.' मी हसलो. ती हसली नाही. खाली लिहिलं : 'तीन प्रकरणं राहिली हो.'

ग्रंथालयाच्या फोनवर बसणारे गृहस्थ स्वतः जन्मापासून अंध. सगळे त्यांना ऑपरेटर म्हणतात. मी त्यांना अडचण कळवली, तर म्हणाले, "झालीत तेवढी पाठवा. उरलेली बाई बऱ्या झाल्यावर."

म्हणून ही एकोणीस प्रकरणांची सीडी. शुक्रवारचा दिवस तिच्यापायी गेला. सीड्यांची कंपनी बदलली. ड्राइव्हची लेन्स कापसाच्या काडीने स्पिरिट लावून पुसली. अँटिव्हायरस बंद केला, लॅपटॉप मध्येच झोपू नये म्हणून ती सोय बंद केली. शेजाऱ्यांकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. ड्राइव्ह वेगळा, वायर वेगळी, सीडी वेगळी. अडकायचं मात्र तिथेच. अकरा सीड्या वाया गेल्या. एका बाजूला अकरा चकत्या रचून ही मला वहीत विचारती झाली : 'तोरण करायचंय का?'

शनिवारी सकाळी मी वेग सगळ्यात कमी ठेवला. त्र्याहत्तरवर आकडा थांबला. मी हात मागे घेऊन बसून राहिलो. पाच मिनिटांनी चौऱ्याहत्तर झाले. एरवी बारा-पंधरा मिनिटांत उरकणाऱ्या कामाला तासभर लागला. सीडी पूर्ण झाली आणि मग पडताळणीत लॅपटॉपने सांगितलं, सीडीवरचा मजकूर मूळ मजकुराशी जुळत नाही.

मी सीडी खिडकीपाशी नेऊन उलटी धरली. लेझर मधल्या भोकापासून कडेकडे लिहीत जातो, आणि लिहिलेला भाग जरा गडद दिसतो. एकोणीस प्रकरणांनंतर कडेला थोडी पट्टी कोरी राहायला हवी होती. सीडी पार कडेपर्यंत गडद होती.

बैठकीतल्या प्लेअरमध्ये ती घातली. पडद्यावर आकडा आला, बावीस.

मी थेट विसावा ट्रॅक लावला.

"प्रकरण विसावं," ही म्हणाली.

आवाज हिचाच होता. गाठ येण्याआधीचा, स्वच्छ. माझं बोट बटणावरच राहिलं. दाबावं की उचलावं, ते सुचेना. स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. ही दारात आली. ओले हात तसेच, पाणी फरशीवर टपकत होतं. स्पीकरमधून ती वाचत होती आणि दारात ती ओठ घट्ट मिटून उभी होती.

मी पुस्तक आणलं. आम्ही दोघं जमिनीवर बसून ओळीवर बोट ठेवून ऐकत गेलो. शब्दाला शब्द जुळत होता. एकविसाव्या प्रकरणात एक ओळ चुकून दोनदा छापली आहे. तिथे आवाज थांबला, "हं, दोनदा छापलंय," असं पुटपुटला आणि पुढे गेला. अशा जागा मी नेहमी कापून टाकतो.

लॅपटॉपवर बघितलं. फायली एकोणीसच होत्या.

त्याच फायलींवरून त्याच वेगाने मी लगेच दुसरी सीडी केली. पंधरा मिनिटांत झाली, पडताळणी बरोबर, प्रकरणं एकोणीस. दोष आपणहून नाहीसा झाला होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला त्याचीच सगळ्यात भीती वाटायची.

हिने वही ओढली. 'बावीसवाली पाठवा.'

"अगं, कोणी वाचलंय हे माहीत नसताना?"

तिने बराच वेळ पेन कागदावर टेकवून ठेवलं. मग लिहिलं : 'मीच.' आणि त्याखाली : 'किती छान वाचलंय.'

मी ती पाठवायला नको होती. पण दोन दिवसांवर ऑपरेशन आलेल्या बाईशी कोण वाद घालणार? पाकीट मीच बंद केलं आणि मीच पोचवलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. महिनाभराच्या मौनानंतर डॉक्टरीणबाईंनी बोलायला सांगितलं, तेव्हा ही म्हणाली, "अहो, घरी जाऊया." त्या चकित झाल्या. इतका मोकळा आवाज त्यांनी या ऑपरेशननंतर ऐकला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन हिने नवीन पुस्तक हातात घेतलं. पहिल्याच दिवशी दोन तास वाचलं. मी पाणी नेऊन ठेवलं, ते तसंच राहिलं.

गेल्या मंगळवारी त्या नव्या पुस्तकाची सीडी घेऊन मी ग्रंथालयात गेलो. ऑपरेटर टेबलाशी एकटेच होते.

"बाई कशा आहेत?"

"ठणठणीत. आवाज पहिल्यापेक्षा खुललाय."

"हो." त्यांनी सीडी भोकात बोट घालून धरली, टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली. "एक विचारू का? दीपस्तंभाची सीडी मी चारदा ऐकली. विसाव्या प्रकरणापासून बाई श्वास घेत नाहीत."

"मी कापले असतील."

"साहेब, कापलेला श्वास मला कळतो. तिथे बारीकशी पोकळी राहते. इथे पोकळी नाही. एकही नाही."

मी निघायला म्हणून पिशवी उचलली.

"आणि परवा त्यांचा फोन आला होता," ते म्हणाले. "वीसेक मिनिटं बोलत होत्या." मग त्यांनी मान हलवली. "जाऊ द्या. फोनवर नीट कळत नाही."

घरी पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. कपड्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ही आत वाचत होती. मी चपला न काढताच दारापाशी गेलो आणि फटीला कान लावला.

वाक्य संपलं. दुसरं सुरू झालं.

मी स्वतःचा श्वास रोखून धरला, म्हणजे तिचा ऐकू येईल.

छाती दुखायला लागली. सोडला, पुन्हा धरला.

आत पान उलटलं.

पुन्हा उलटलं.

तिसरं पान उलटलं आणि वाचता वाचता, मध्ये जराही न थांबता, ती त्याच संथ स्वरात म्हणाली, "आत या ना, बाहेर का उभे?" आणि पुढची ओळ वाचू लागली.