उंबऱ्यावरचं बोट

धुळ्यात घर पारखायचं तर उन्हाळ्यातल्या भर दुपारी. पावसाळ्यात कुठलंही घर गोड वाटतं. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. घर बघायला जाताना प्रयोगशाळेतला तापमापक पिशवीत घालूनच गेले होते. साल एकोणनव्वद.

पांझरेच्या काठाजवळची शांत गल्ली, भिंतीला भिंत लावून उभी जुन्या घरांची ओळ. त्यातलं हे मधलं. मातीच्या हातभर जाड भिंती, वर मातीचं सपाट धाबं, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांची सावली. दारातून आत गेले आणि पारा सरसर उतरून तिशीखाली थांबला. जाड माती, सामाईक भिंती. उन्हाला शिरायला जागाच नव्हती. हिशेब बसत होता. जवळजवळ.

"मावशीनं जन्मात पंखा घेतला नाही," विकणारा मोतीलाल म्हणाला. मावशी म्हणजे तानुबाई. याच घरात एकटी राहिली, याच घरात गेली. छताला पंख्यासाठी साधा हूकही नव्हता.

यावलला, माहेरी, अभिमनभाऊ भडकला. "कुंदे, एकट्या बाईले कशाले पाह्यजे घर? वहिनीच्या हाताखाली राह्य, दोन घास खाय!" नवरा सोडून आल्यापासून त्या दोन घासांची चव मला पाठ होती. मी सही केली.

थंडीत घर मांजरीच्या कुशीसारखं उबदार राहिलं. मीटरची चकती मुंगीच्या चालीनं फिरायची. रीडिंग घ्यायला आलेल्या माणसानं काचेवर पेन्सिल आपटून पाहिली. "बाई, राहता ना इथं? की नुसतं कुलूप लावून ठेवता?"

उन्हं पुन्हा तापली, तेव्हा वारा ध्यानात आला. दारं-खिडक्या लावून दुपारी पडले की मानेवर झुळूक यायची. यायची, जायची. मग श्वासभर थांबायची आणि दुसऱ्या अंगानं सुरू व्हायची. मी उदबत्ती लावून पाहिली. धूर डावीकडे वाकला, सरळ उभा राहिला, मग उजवीकडे वाकला. मायच्या तोंडची हातपंख्याची ओवी आठवली. माय जाऊन किती वर्षं झाली होती.

आखाजीच्या उन्हामंदी लेक आली गं दमून,
माय घालते विंझण हात बदलू बदलून.

शेजारच्या लताबाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "ताई, पंखा लावू नका हां. तिले आवडस नही."

"कोणाला?"

त्यांनी सुपातून नजर काढली नाही. "भीत तर दोन्ही घरनी एकच शे ना? आमनाकडथून हात लावा. पोळस."

मी लावला. पोळला. घरी येऊन त्याच भिंतीला माझ्या बाजूनं तळवा टेकला. माठासारखी गार.

रिकाम्या खोलीला मी मोठ्यानं सांगितलं, "घर माझ्या नावावर आहे. तुम्हाला राहायचं तर राहा. मी हलणार नाही." वारा थांबला. त्यानं हात बदलला.

अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, भाऊ न्यायला आला. "आखाजीले लेक माहेरी पाह्यजे. चाल. हे घर इकून टाकू."

"माझं माहेर आता हेच. घागरही मीच भरणार."

"बाईनं घागर भरेल कुठी पाह्यली तू?"

"आता तू पाहा."

आमच्याकडे आखाजीला पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात आणि एकेकाचं नाव घेऊन उंबऱ्यावर कुंकवाचं बोट ओढतात. बोट ओढलं की ते माणूस गेलेल्यांत धरलं. मी ओढत गेले. आजा. आजी. अप्पा. शेवटी, उजव्या टोकाला, माय.

"अन् या घरवालीचं?" भाऊनं टोमणा मारला.

"तिचं कशाला? ती गेलीय कुठं?"

खापरावरचा मांडा करपेल म्हणून मी चुलीकडे गेले. परत वळले तर भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ आली. तळवा भिंतीला टेकला आणि झटकन मागे घेतला.

भाऊ दारात बोटाचं कुंकू धोतराला पुसत होता. उंबऱ्याच्या डाव्या टोकाला एक नवं बोट होतं.

"तानुबाईचं वढलं. सुटली बिचारी. आता काय राह्यलं तुह्यं या घरात?"

झुळूक नव्हती.

मी पदराचं टोक घागरीत बुडवलं. वाकले. डावीकडचं बोट पुसलं, लाकडाची शीर दिसेपर्यंत.

"पितराचं बोट पुसते कोनी?" भाऊ ओरडला.

"माझ्या घरात कोण आहे आणि कोण नाही, ते मी ठरवीन."

"या घरचं पानीबी नही पेनार मी!"

"नको पिऊ. दार ओढून घे जाताना. ऊन आत येतं."

तो तरातरा स्टँडकडे गेला. मी चटईवर पडले. हाताखालची भिंत हळूहळू निवत गेली. मानेवर झुळूक आली. आली, गेली. आली, गेली.

हात बदलायला ती कधी थांबते, म्हणून मी डोळे मिटून वाट पाहत राहिले.

ती थांबलीच नाही. दोन्ही अंगांनी येत होती.

मी उठून उंबऱ्याशी गेले.

आजा. आजी. अप्पा.

उजव्या टोकाला लाकूड कोरं होतं. आणि ओलं.