चढावर वाजलेलं फ्रीव्हील

या, ओट्यावर बसा. सायकली भिंतीला नीट लावा, सकाळी माझ्या कुंड्या फुटलेल्या दिसल्या तर एकेकाला बघतो. तुम्हाला पहाटे निघायचंय, झोपायचं सोडून भुताची गोष्ट पाहिजे. बरं, सांगतो. मी फौजेतला माणूस. भुतांवर विश्वास ठेवायला मला कधी सवडच मिळाली नाही. पण ही गोष्ट निम्मी मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय.

विश्वजीतला तुम्ही ओळखत नाही. तुमच्या आधीची टोळी त्याची. कालव्याकाठानं, डोंगरातनं, येरळा नदीच्या कडेकडेनं ज्या वाटांनी तुम्ही हिंडता, त्या बऱ्याचशा त्यानं आणि अजमलनं शोधलेल्या. अजमल म्हणजे त्या समोरच्या घरातला, वजीरभाईंचा थोरला. मी तेव्हाही केळी आणि ट्यूबा घेऊन जीपमधनं मागं असायचो. चांगला डांबरी रस्ता सोडून मुरमातनं आपटत जायचं, ह्यात काय सुख आहे ते मला आजवर कळलेलं नाही. पण पोरं गुणी होती.

रात्र सांगतो. दोन हजार चोवीसची एकोणतीस डिसेंबर, रविवार. दुसऱ्या दिवशी सोमवती अमावास्या. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती, म्हणून विश्वजीतचे वडील उसाला पाणी पाजायला रानात गेलेले. आईनं डबा भरला आणि म्हणाली, "जा, गरम हाय तवर देऊन ये." मोटरसायकल भावानं नेलेली. मग विश्वजीतनं भिंतीवर टांगलेली सायकल खाली काढली. जवळजवळ वर्षानं काढली.

का वर्षानं, ते आधी सांगतो.

त्याच साली जानेवारीत त्यांची एक राइड होती. पुढच्यानं आदल्या दिवशी वाट बघून यायची आणि फाटा आला की मागच्यांसाठी फक्कीचा, म्हणजे पांढऱ्या भुकटीचा बाण जमिनीवर मारायचा, हा नियम तेव्हाही होता. त्या दिवशी पुढं विश्वजीत. फक्कीची पिशवी त्याच्याच हँडलला. आदल्या दिवशी त्यानं बघितलं होतं की खिंडीत कालव्याच्या कामाचा एक नवा रस्ता फुटलाय. सरळ जातो, झकास दिसतो आणि एकदम संपतो. तिथं पूल व्हायचा होता. खाली कातळ फोडून केलेला खोल चर. आपली वाट डावीकडनं.

पहाटे धुकं इतकं की पुढचं चाक दिसेना. विश्वजीत फाट्यावर आला आणि थांबला नाही. पुढं उतार होता. त्या उतारावर सगळ्यांत कमी वेळ अजमलचा होता आणि ह्याला तो मोडायचा होता. बाण मारायला उतरलो तर वेळ जाईल, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात मागनं अजमलची हाक आली, "विश्या, कुठनं रं?"

त्याला ऐकू आली. चांगली स्वच्छ ऐकू आली. पण उत्तर द्यायला मान वळवावी लागली असती, जरा दमानं घ्यावं लागलं असतं. त्यानं उत्तर दिलं नाही.

अजमल सरळ गेला.

इथवर झालं असतं तर चूक म्हणून सोडून दिली असती. माणसाच्या हातनं चूक होते. पण पडल्याचा आवाज ऐकून विश्वजीत माघारी आला, चराच्या काठावरनं त्यानं वाकून बघितलं. अजमल हलत नव्हता. मागच्या पोरांचे आवाज धुक्यातनं जवळ येत होते. आणि ह्यानं पिशवी उघडली. फाट्यावर जाऊन बाण मारला. डावीकडं, चांगला ठळक.

मग काय, गावभर तेच झालं. बाण होता, पोरानं बघितला नाही. मोबाइल बघत असेल, कानात गाणी घातली असतील. वजीरभाई भला माणूस, पण त्यांनी मेलेल्या पोरावर राग धरला. घरात त्याचं नाव काढायचं नाही. चांदबी वहिनींना धड रडू दिलं नाही. म्हणायचे, "एवढा पांढरा बाण! आंधळं हुतं काय ते कार्टं?" हे विश्वजीतनं त्यांच्या समोर बसून ऐकलंय. मान खाली घालून, वर त्यांचाच चहा पिऊन. मला आजही त्याचा राग येतो आणि कीवही येते.

तर त्या रात्री त्यानं रानात डबा दिला आणि निघाला. डांबरीवर उसाच्या ट्रॉल्या, मागं लाल दिवा नसलेल्या. म्हणून कालव्याचा रस्ता धरला. साडेनऊ झाले असतील. थंडी होती. उसाची पाती वाजत होती, तेवढाच आवाज.

खिंडीचा चढ लागला. दम लागून तो हळूहळू चढत होता.

आणि मागनं फ्रीव्हील वाजलं.

टिक टिक टिक टिक…

अजमलच्या सायकलच्या मागच्या चाकातलं फ्रीव्हील लय मोठ्यानं वाजायचं. तुला घंटी कशाला लागतीय, असं आम्ही त्याला चिडवायचो. पण ते सोडा. तुम्ही सायकलवाले, तुम्हीच सांगा. पॅडल मारायचं थांबलं तरच तो आवाज येतो. आणि चढावर पॅडल थांबलं तर सायकल जागेवर उभी राहते. चढावर फ्रीव्हील वाजत नाही.

वाजत होतं.

त्यानं वळून बघितलं. दिवा नाही. माणूस नाही. तो थांबला. आवाज थांबला. निघाला…

टिक टिक टिक…

जोरात हाणली. आवाज तेवढाच. जवळ येईना. लांब जाईना.

असा तो खिंडीत आला. फाट्यावर. सरळ जाणारी वाट आता दगडं रचून बंद केलेली. डावीकडं उतार. पॅडलवर पाय दाबला की दहा मिनिटांत घर.

मागं एकदम जवळ… टिक… टिक…

थांबलं.

"विश्या… कुठनं रं?"

तोच आवाज. रोजचा. त्यात राग नव्हता. विश्वजीत मला म्हणाला, "काका, त्यो चिडून बोलला असता तर मी पळालो असतो. पर त्यानं खरंच इचारलं वं. वाट ठावं नसल्यागत."

तो किती वेळ उभा होता, त्यालाही सांगता आलं नाही. तोंडातनं शब्द निघेना.

मग शब्द फुटला.

"डावीकडनं… डावीकडनं ये, अजमल. मी हाय पुढं."

उतारावर त्यानं वेग घेतला नाही. दोन्ही ब्रेक धरले. वळण आलं की थांबायचा. टिकटिक जवळ येऊ द्यायचा. मग सांगायचा.

"उजवीकडं…"

"हितं खड्डा हाय. सांभाळ."

"आता ओढा…"

रडत होता आणि सांगत होता. गाव आलं. गल्ली आली. कुत्री भुंकली नाहीत. एकसुद्धा नाही.

त्याचं घर पलीकडच्या आळीला. तो तिकडं वळला नाही. ह्या समोरच्या फाटकाशी आला, वजीरभाईंच्या. सायकल बाहेर भिंतीला टेकवली आणि हाक मारली. आतली लाइट लागली. वजीरभाई दारात आले. त्या दिवशी त्यांनी अंगणात मुरूम टाकून, पाणी मारून चोपून घेतलेला, सकाळी गवंडी येऊन फरशी करणार होता.

ते म्हणाले, "आत नगं येऊ, वलं हाय. तितनंच बोल. काय झालं एवढ्या रातचं?"

मी ह्याच ओट्यावर होतो. सगळं ऐकलं.

"चाचा… बाण नव्हता."

"कसला बाण?"

"त्या दिवशीचा. मी मारलाच नव्हता. त्यो पडल्यावर मारला. त्यानं हाक दिली हुती, कुठनं म्हणून. मी ऐकली… अन् बोललो न्हाई."

मला वाटलं, आता हा माणूस काठी घेतो. मी उठलोसुद्धा.

"म्हंजे… माझ्या पोरानं वाट इचारली हुती?"

"व्हय, चाचा."

"इचारली हुती?"

"व्हय."

ते तिथंच दारात खाली बसले. मग आत वळून बोलले. वर्षात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ते नाव आलं.

"चांदबी… ऐकलंस का गं… अजमलनं इचारलं हुतं…"

वहिनींचा हुंदका इथपर्यंत आला. बऱ्याच वेळानं वजीरभाईंनी विश्वजीतकडं बघितलं. "जा तू. पुन्हा ह्या दाराला येऊ नगंस." एवढंच. शिवी नाही, काही नाही. शिवी दिली असती तर पोराला बरं वाटलं असतं.

मी त्याला इथं आणलं. सायकल माझ्या खांबाला टेकवून ठेवली. तो रात्रभर तुम्ही बसलाय तिथं बसून होता आणि हे सगळं सांगत होता. मी ऐकत होतो, पण खरं सांगू, विश्वास ठेवत नव्हतो. मनावरचं ओझं माणसाला काहीही ऐकवतं, असं मनात म्हणत होतो.

उजाडताना समोरनं हाक आली. "सयाजीराव… जरा या हिकडं."

वजीरभाई दारातच होते, रात्री बसलेले तसेच. फाटकाला आतनं कडी. ती त्यांनी मला हात घालून काढायला लावली. म्हणाले, "कडंनं या. मधी पाय देऊ नगा."

मी खाली बघितलं.

ओल्या मुरमात चाकाची रेघ. टायरच्या नक्षीसकट. पावलाचा ठसा एकही नाही. फाटकापासून निघालेली… अंगण ओलांडून… उंबऱ्यापर्यंत आलेली.

परत गेल्याची नाही.