दर गुरुवारी बोटभर तेल

ज्यांना हे खोटं वाटेल, त्यांना वाटू दे. माझ्या गाडीचं बॉनेट उघडून दाखवायला मी कधीही तयार आहे.

नोव्हेंबरातला गुरुवार. दुपारचे तीन. आमच्या तोकमोक गावच्या बाजारामागे लोखंडी गॅरेजांची रांग आहे, त्यातलं सातवं.

तिथे माझा मेव्हणा कुबात, म्हणजे माझ्या बहिणीचा, बुरुलचा नवरा, जुन्या गाड्यांचे कॅमशाफ्ट घासतो. इंजिनाच्या डोक्यात फिरणारा दांडा तो. त्यावर अंड्यासारखे आठ कॅम. कॅमची पाठ मापात घासली की झडप जास्त उघडते, आणि चाळीस वर्षांची झिगुली गाडी घाटात शिंगरासारखी उधळते.

पाठ घासायची, निमुळत्या माथ्याला हात लावायचा नाही. हे साग्यन उस्तादचं शिकवणं. मशीनही त्याचंच. वसंतात तो गेला. ना बायको, ना मूल. जाताना कुबातला एवढंच म्हणाला, "गुरुवारी माझ्या नावानं तेल तापव."

आमच्याकडे गुरुवारी कणकेचे छोटे बोरसोक तळतात. खाणं आपलं, वास गेलेल्यांचा.

कुबातनं एकदाही तापवलं नाही. वेळच नव्हता.

कारण त्याचे शाफ्ट इंजिनात टकटक वाजत होते.

पहिला वाजला. परत घासला. दुसरा वाजला. आता हा तिसरा, त्याच गिऱ्हाइकाच्या, शर्यतवाल्या तोलोगोनच्या गाडीचा. रविवारी घाटाची शर्यत. हाही वाजला, तर शर्यतवाले पुन्हा सातव्या गॅरेजच्या दाराशी येणार नव्हते.

"कुबात, शाफ्ट घासलास की लाटणं?" तोलोगोन सकाळीच विचारून गेला होता. शेजारची गॅरेजं हसली होती.

कुबातनं इंजिन चालू केलं. वरचं झाकण काढलेलंच होतं.

टक… टक… टक…

बंद केलं. झडपांच्या फटीत मापाची पट्टी घातली. बरोबर. पुन्हा चालू.

टक… टक…

बंद. मोजलं. बरोबर. चालू.

टक.

असं अकरा वेळा. बोटं भाजली, पट्टी वाकली. गरम तेल उडून धुराड्याच्या नळीवर पडलं आणि गॅरेजभर करपट वास कोंदला.

कुबातचं डोकं फिरलं. त्यानं पाना जमिनीवर आपटला.

"घे, साग्यन उस्ताद. गुरुवार आहे, तेल तापलंय. खा पोटभर."

(बुरुल म्हणते, त्यानं शिवीही दिली होती. तो नाही म्हणतो.)

आवाज थांबला.

इंजिन चालू होतं… पण आवाज नाही. नुसती टकटक नाही असं नव्हे. कसलाच नाही. दांडा डोळ्यांसमोर गरगर फिरत होता आणि गॅरेज मुकं झालं होतं.

त्यानं घाईनं किल्ली फिरवली. दांडा थांबला.

आणि मग…

टण.

टण.

टण.

हा आवाज त्याला माहीत होता. उस्ताद शाफ्ट सुतळीनं आढ्याला टांगायचा आणि घोड्याच्या नालेच्या खिळ्यानं एकेक कॅम वाजवायचा. टांगलेला शाफ्ट घंटेसारखा बोलतो.

इंजिनात आवळून बसवलेला बोलत नाही. बोलूच शकत नाही.

टण. टण.

पाच.

सहाव्याला… ठप्प.

टण. टण.

आठ. मग काही नाही.

कुबातनं आवळलेले नट सोडवले. नंतर त्यानं शाफ्ट बाहेर काढला आणि सहावा कॅम उजेडात धरला. तिथे माथ्यावर एक चरा होता. गिऱ्हाइकाला दिसेल, म्हणून त्यानं तो पुसून काढला होता. एकच हात. वरची कडक साल गेली होती.

तिन्ही शाफ्टवर त्यानं तेच केलं होतं.

शुक्रवारी त्यानं दुसरा जुना दांडा घेतला. नुसती पाठ घासली. याच्याही माथ्यावर चरा होता, तो तसाच ठेवला. टोकावर स्वतःची खूण कोरली, एक छोटी उभी रेघ.

रविवारी गाडी वाजली नाही. तोलोगोन दुसरा आला. त्यानं कुबातला मिठी मारली. "मानलं. साग्यन उस्तादचा हात अजून आहे इथं."

कुबात घरी येऊन जेवला नाही.

"मी घासला तो," बुरुलला म्हणाला. "मी."

"मग अहो, उस्तादांना रीतसर जेवू तरी घाला," ती म्हणाली. पुढच्या गुरुवारी तिनं कढई ठेवली, उस्तादचं नाव घेतलं, ताटभर बोरसोक तळले. घरभर वास.

त्याच संध्याकाळी तोलोगोनचा फोन. गाडीतलं तेल बोटभर कमी झालंय. गळती कुठेच नाही. धूर नाही.

पुढच्या गुरुवारी पुन्हा बोटभर.

बुरुल अजून तळते. पण कुबातनं उस्तादला बोलावलं होतं ते इंजिनाच्या तेलावर. तेच त्याच्या जिभेला लागलं असावं… कोण जाणे.

आता कुबातचा एकही शाफ्ट वाजत नाही. कामाला रांग लागलीये. तरी तो चिडलेलाच असतो. मध्यंतरी एक शाफ्ट दुरुस्तीला परत आला. टोकावर त्याची उभी रेघ होती…

शेजारी दुसरी. नालेच्या खिळ्यानं ओढल्यासारखी, जाड.

माझ्या झिगुलीतही कुबातचाच शाफ्ट आहे. घाटात काय पळते म्हणून सांगू.

काल गुरुवार होता. आज सकाळी तेलाची पट्टी काढून बघितली.

बोटभर.