मावशी, आज किती प्यायलात?

भाची रुग्णालयातल्या स्वच्छतागृहाच्या दाराशी पोचली, तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, थांबा! लघवीला जाऊ नका!"

बसलेले सगळे पेशंट वळून बघायला लागले. निळ्या कपड्यांतला एक उंच तंत्रज्ञ तिच्या हातातली रिकामी बाटली बघून धावत आला आणि चक्क दारासमोर हात पसरून उभा राहिला.

"मूत्राशय माझं आहे," ती म्हणाली, "तुम्हाला काय त्याचं?"

"साडेदहाचा नंबर तुमचा ना? किरणोपचाराला मूत्राशय भरलेलं लागतं..."

"पेशंट माझी मावशी आहे!"

तो कानापर्यंत लाल झाला. बाजूला सरकला... आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. "मग मावशींचं पाणी तुम्ही का प्यायलात?"

आता लाल व्हायची पाळी तिची होती. "ती घरूनच पिऊन आलीय म्हणाली. ही बाटली जास्तीची..."

मावशी कसली पिऊन येते! टेबलावर झोपवून स्कॅन काढला, तर मूत्राशय रिकामं. मावशीला विचारून त्यानं भाचीला आत बोलावलं आणि पडद्यावर उपचार आखायला काल दुसऱ्या तंत्रज्ञानं काढलेलं चित्र नि आजचं चित्र शेजारी-शेजारी लावलं.

"काल मूत्राशय भरलेलं होतं, त्यानं गर्भाशय वर उचलून धरलं होतं. आज आधारच गेला, म्हणून ते पुढे कलंडलंय, आतडी खाली घसरलीत. कालच्याच खुणेवर किरण सोडले तर गाठीचा काही भाग निसटेल आणि आतडी भाजतील."

भाची मावशीकडे वळली. आई गेल्यावर तिला वाढवलं ते या मावशीनंच. "मावशी, जिवाशी खेळतेस का गं?"

मावशीनं चादर हनुवटीपर्यंत ओढली. "आणि टेबलावरच झालं म्हणजे? एवढ्या देखण्या मुलासमोर?"

"मावशी," तो शांतपणे म्हणाला, "आजवर तीनदा मी ही फरशी पुसलीय. चौथ्यांदा पुसेन. पण असं चित्र समोर असताना बटण दाबणार नाही."

मावशी विरघळली. मुकाट्यानं पाणी प्यायली, पाऊण तास बसली, आणि दुसरा स्कॅन जमला.

त्यानंतर तो रोज विचारी, "मावशी, आज किती प्यायलात?" आणि बघे मात्र भाचीकडे.

"तुम्ही पाण्याखेरीज काही बोलता की नाही हो?" एकदा तिनं छेडलंच.

"बोलतो... पण मावशींचे उपचार माझ्याकडे आहेत तोवर त्यांच्या घरच्यांशी नाही. लक्ष विचलित झालं तर चित्रं कोण बघणार?"

"आणि झालंय का?"

तो इतक्या घाईनं वळला, की दाराच्या चौकटीवर आपटला.

पंचविसाव्या किरणोपचाराच्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ निम्म्याहून लहान झालीय. राहिलेले उपचार आता दुसऱ्या विभागात. मावशी पडद्याआड कपडे बदलायला गेली. तो बाहेर आला. हात खिशात घातले, काढले, पुन्हा घातले.

"आजपासून त्या माझ्या पेशंट नाहीत. म्हणून सांगतो... रविवारी मला सुट्टी असते, आणि रविवारी मला करमत नाही. तुम्ही दिसत नाही ना. उत्तर लगेच पाहिजे असं नाही—"

"मलाही नाही करमत," ती म्हणाली. हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले.

"ऐका रे!" पडद्याआडून आवाज आला. "या गाऊनची मागची गाठ सुटत नाहीये. पण तुमचं आधी ठरू दे. मी थांबते."

भाची पळत आत गेली. घाईघाईत गाठ सुटता सुटेना.

"रविवारी घरीच बोलाव त्याला," मावशी पाठमोरीच म्हणाली. "पाच आठवडे त्यानं मला चादरीतच बघितलंय. एकदा नीट कपड्यांत बघू दे."